आर्वीच्या शाळेचा भाव 50 लाख

आर्वी नगरपरिषदेच्या एखाद्या शाळेला आपल्या पसंतीचं नाव जोडायचं असेल तर त्याचा भाव ठरलेला आहे. 5 वर्षांसाठी 50 लाख, 10 वर्षांसाठी 1 कोटी.

व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा वाटेल, पण हे आकडे सरकारी आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं 'दत्तक शाळा योजने'चा शासन निर्णय काढला, त्यात ते छापलेले आहेत. 'अ' आणि 'ब' वर्ग महापालिकेतली शाळा 5 वर्षांसाठी 2 कोटी, 10 वर्षांसाठी 3 कोटी. 'क' वर्ग महापालिकेतली 1 कोटी आणि 2 कोटी. आणि शेवटच्या रांगेत 'ड' वर्ग महापालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती आणि सगळी गावखेडी: 50 लाख आणि 1 कोटी. कंपनी, संस्था किंवा एखादी व्यक्ती एवढ्या मोलाच्या वस्तू आणि सेवा देणार, आणि तिची इच्छा असेल तर तेवढ्या काळासाठी तिला हवं ते नाव शाळेच्या नावाला जोडलं जाणार.

म्हणजे नागपूरच्या शाळेच्या पाटीवर 5 वर्षं झळकायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात आर्वी तालुक्यातल्या 4 शाळा येतात. मोठ्या शहरात 10 वर्षांचा सौदा केला तर वर्षामागे सूटही मिळते. मोबाइलच्या रिचार्ज प्लॅनसारखं.

नाव विकण्याचा राग यायला हवाच. पण त्याहून मोठी गोष्ट त्या पाटीमागे झाकली जाते आहे. ती आहे शाळेची तूट. शाळा दुसऱ्या कोणाच्या हाताखाली जाते, तेव्हा आधीची तूट कोणाच्या डोक्यावर राहते? या एका प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय आलेली कुठलीही शाळा योजना म्हणजे हात झटकणं आहे, असं माझं म्हणणं आहे.

ओपन तिकिटं दाखवा

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी जुनी सिस्टीम एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे जाते, तेव्हा घेणारी टीम पहिल्याच मीटिंगमध्ये विचारते: ओपन तिकिटं किती? म्हणजे काय बिघडलेलं आहे, कधीपासून बिघडलेलं आहे, कोण दुरुस्त करणार होतं आणि का केलं नाही. ही यादी न घेता कोणी सिस्टीम ताब्यात घेत नाही. देणाऱ्यानं यादी लपवली तर भांडण होतं, आणि व्हायलाच पाहिजे.

आता जिल्हा परिषदेच्या शाळेची ओपन तिकिटं बघू.

शाळेला रोजच्या खर्चासाठी समग्र शिक्षा अभियानातून संयुक्त शाळा अनुदान मिळतं. रक्कम पटावर ठरते. 30 पर्यंत मुलं असतील तर वर्षाला 10 हजार रुपये. 100 पर्यंत असतील तर 25 हजार. 250 पर्यंत 50 हजार. सगळ्यात छोट्या शाळेचा हिशोब करा: महिन्याला 833 रुपये. यातच वीजबिल, खडू, रजिस्टर, नळाची तोटी, तुटलेली कडी, आणि किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायचा नियम. तुमच्या-माझ्या घरच्या इंटरनेटचं बिल कित्येकदा याहून जास्त येतं.

ही रक्कम पुरत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मग उरलेले पैसे येतात कुठून? काही मुख्याध्यापकांच्या खिशातून. काही गावच्या वर्गणीतून. काही ग्रामपंचायतीच्या मेहेरबानीतून. आणि जे कुठूनच येत नाहीत, ते मुलांच्या वाट्याला उणीव म्हणून येतात. बिल थकलं म्हणून शाळेचा वीजपुरवठा तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वर्षानुवर्षं येत आहेत. खोलीत लोकवर्गणीतून आलेला प्रोजेक्टर आहे आणि मीटर बंद आहे, हे चित्र कोणाला नवं नाही.

कंपनी तोट्यात गेली तर ताळेबंदात लाल आकडा दिसतो. जिल्हा परिषदेच्या शाळेचा असा ताळेबंदच गावासमोर येत नाही. तिची तूट रुपयांत लिहिलेली नसते. ती न फिरणाऱ्या पंख्यात, गळणाऱ्या छतात आणि दोन वर्ग एका खोलीत बसवणाऱ्या एकट्या शिक्षकात असते. रुपयांत लिहिलेलीच नाही, म्हणून ती कोणाची देणीही होत नाही. सरकारच्या दृष्टीनं हीच मोठी सोय आहे.

इंग्लंडनं निदान नियम तरी केला

शाळा हस्तांतराचा सगळ्यात मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. तिथं स्थानिक परिषदेच्या शाळा 'अकॅडमी' केल्या जातात. म्हणजे शाळा परिषदेच्या ताब्यातून सुटते, एक ट्रस्ट ती चालवतो आणि पैसा थेट केंद्र सरकारकडून येतो. 2010 च्या अकॅडमी कायद्यानंतर हा वेग इतका वाढला की आज तिथल्या दर 5 माध्यमिक शाळांपैकी सुमारे 4 अकॅडमी आहेत.

तिथं प्रत्येक शाळेचं स्वतःचं बजेट असतं, त्यामुळे तूट आकड्यात दिसते. आणि त्या तुटीसाठी दोन वेगळे नियम आहेत. शाळा स्वतःहून अकॅडमी झाली तर तूट तिच्यासोबत जाते. सरकार परिषदेला ती रक्कम देतं आणि नंतर अकॅडमीच्या अनुदानातून वळती करून घेतं. पण शाळा नापास ठरली आणि सरकारनं ती एखाद्या प्रायोजक ट्रस्टच्या हवाली केली, तर तूट परिषदेकडेच राहते. ट्रस्टला पाटी कोरी मिळते.

दुसऱ्या नियमामागचं कारण समजण्यासारखं आहे. बुडत्या शाळेचं कर्ज डोक्यावर घ्यायला कोण पुढे येणार? पण त्या कोऱ्या पाटीची किंमत कोणीतरी भरतंच. परिषदेला ती आपल्या इतर खर्चातून काढावी लागते, किंवा तिच्याकडे उरलेल्या शाळांनी अडीनडीसाठी मिळून बाजूला ठेवलेल्या रकमेतून. म्हणजे शाळा गेली एकाकडे आणि तिचं देणं राहिलं शेजारच्या शाळेतल्या पोरांकडे. तिथल्या परिषदा यावर वर्षानुवर्षं ओरडत आहेत.

इंग्लंडचं उदाहरण आदर्श म्हणून देत नाही. पण तिथं भांडायला एक आकडा असतो. इतके पौंड तूट होती, ती अमक्याच्या नावावर गेली, हे कागदावर असतं. आपल्या दत्तक योजनेत देणगीचे दर पैशांत आहेत, देणगीचा काळ वर्षांत मोजलेला आहे. शाळेवर आधीची बाकी किती आणि करार संपल्यावर चालू खर्च कोणाचा, हे मात्र कुठल्या रकान्यात भरायचं?

50 लाखांत काय बसतं

50 लाख म्हटलं की डोळे दिपतात. 60 महिन्यांनी भागा. महिन्याला 83 हजार 333 रुपये. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात 29 हजार 200 रुपयांपासून सुरू होतं. महागाई भत्ता आणि घरभाडं धरलं तर नियमित वेतनश्रेणीतल्या दोन नव्या शिक्षकांचा पगारसुद्धा त्या रकमेत बसत नाही.

आणि शिक्षकच तर हवे आहेत! पण देणगी रोख द्यायची नाही, वस्तू आणि सेवांत द्यायची. रोख हातात न देण्यामागे गैरव्यवहाराची भीती असेल, ती खरीही आहे. परिणाम मात्र असा होतो की शाळेला काय कमी आहे यापेक्षा देणगीदाराला काय देणं सोपं आहे, यावर यादी ठरते. रंग देणं सोपं. टॅब देणं सोपं. स्मार्ट बोर्ड देणं तर फारच सोपं, कारण त्याचा फोटो चांगला येतो.

कंपन्यांच्या सीएसआर दिवसांना मी गेलो आहे. टी-शर्ट मिळतो, बस मिळते, दुपारपर्यंत भिंतीवर फुलपाखरं काढून होतात. माणसं मनापासून काम करतात, त्यांच्या हेतूवर शंका नाही. पण भिंतीला ओल का धरली, हे त्या दिवशी विचारायचं नसतं, कारण छपराची दुरुस्ती दुपारपर्यंत होत नाही. पुढच्या पावसाळ्यात फुलपाखरं सुटून येतात.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नं मोठ्या कंपन्यांना आधीच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली. चांगला कायदा आहे. पण कंपनीचा नफा कमी झाला की ही रक्कम कमी होते. कंपनीनं धोरण बदललं की ती शिक्षणाकडून झाडांकडे वळते. ज्या घरात महिन्याचा किराणा भरायचा आहे, तिथं बोनसच्या भरवशावर कोणी बसत नाही. शाळेचा रोजचा खर्च हा किराणा आहे.

आणि मुळात 'दत्तक' हा शब्द कोणी निवडला? आपल्याकडे मूल दत्तक घेतलं की ते कायमचं आपलं होतं. त्याचं आजारपण, त्याची फी, त्याची चूकभूल, सगळं आपलं. 5 वर्षांनी परत करायच्या करारावर कोणी मूल दत्तक घेत नाही. त्याला भाडेपट्टा म्हणतात.

तूट ढकलण्याचा जुना धंदा

हे सगळं 2023 मध्ये अचानक सुरू झालं नाही. 2001 मध्ये राज्यानं ठरवलं की नव्या खासगी शाळांना परवानगी 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावरच मिळेल. म्हणजे शाळा काढा, पोरं शिकवा, पण आमच्याकडे पैसे कधीच मागू नका. गावोगावी शाळा निघाल्या, कारण गरज होती. त्यांची तूट कोणी भरली? तिथल्या शिक्षकांनी. 2009 मध्ये 'कायम' हा शब्द काढला गेला. 20 टक्के अनुदान सुरू व्हायला 2016 उजाडलं. मधल्या काळात बी.एड. झालेली माणसं दिवसा वर्गावर आणि एरवी मिळेल त्या कामावर जात होती. पुढच्या टप्प्यांसाठी ती आझाद मैदानावर किती वेळा बसली, याची गणती नाही. राज्याच्या अंदाजपत्रकात जी बचत दिसली, ती एका पिढीच्या पगाराची होती.

त्याच सप्टेंबर 2023 मध्ये आणखी एक कागद निघाला. 20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळांचं एकत्रीकरण करून 'समूह शाळा' करायचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयानं मागवले. तेव्हा समोर आलेला आकडा: 14 हजार 783 शाळा आणि 1 लाख 85 हजार 467 मुलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. जी शाळा दाखवण्यासारखी आहे तिला पाटी लावणारा शोधा. जी लहान आणि आडवळणी आहे ती शेजारच्या गावात मिळवून टाका. एका बाबतीत तूट पाटीमागे लपते, दुसऱ्या बाबतीत शाळेसकट पुसली जाते. पण दुसऱ्या गावापर्यंत जायचा खर्च राहतोच. तो बसचा असेल, चुकलेल्या मजुरीचा असेल, किंवा सातवीत थांबलेल्या मुलीचा असेल.

हे निर्णय आले तेव्हा शाळांची मालकी असलेल्या बहुतेक जिल्हा परिषदांत निवडून आलेलं कोणीच नव्हतं. मुदत 2022 मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता. घरमालक बाहेरगावी असताना भाडेकरूंची जाहिरात द्यावी, तसा हा प्रकार झाला.

'फुकट भेटते तं कायले नाही म्हना?'

आर्वीत कोणालाही हे सांगितलं की समोरून हा प्रश्न येतो. रास्त प्रश्न आहे. सरकार देत नाही, कंपनी देते आहे, पोरांना संगणक मिळतो आहे. तत्त्व घेऊन चाटायचं आहे का?

माझं उत्तर असं: घ्या. जरूर घ्या. समाजाच्या पैशावर शाळा उभ्या राहण्याचा महाराष्ट्राचा इतिहास मोठा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. इकडे विदर्भात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. या माणसांनी शाळेची तूट स्वतःच्या अंगावर घेतली. खड्डा कुठं आहे ते त्यांना माहीत होतं आणि त्यात ते स्वतः उतरले. दत्तक योजनेतला देणगीदार खड्ड्याच्या कडेला कुंडी ठेवतो आणि कुंडीवर नाव लिहितो. दोघांनाही 'लोकसहभाग' हा एकच शब्द वापरणं हा पहिल्यांचा अपमान आहे.

शाळेचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात फार मोठ्या माणसांनी विचारला होता. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली ठराव झाले: 7 वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाभोवती, आणि शिक्षकांचा पगार हळूहळू त्याच कामातून निघावा ही अपेक्षा. या शेवटच्या मुद्द्यावर कडाक्याचा वाद झाला. शाळेचा खर्च मुलांच्या हातातून काढायचा म्हणजे शाळेचा कारखाना करायचा का, असं लोकांनी विचारलं. झाकीर हुसेन समितीच्या अहवालानंही आर्थिक बाजूवर नको तेवढा भर देण्याचा धोका सांगितला. गांधीजींचं उत्तर पटो न पटो, पैशाचा प्रश्न त्यांनी व्यासपीठावर उघड मांडला आणि लोकांना भांडू दिलं. 86 वर्षांनी त्याच वर्धा जिल्ह्यातल्या शाळांसाठी उत्तर आलं ते दरपत्रकाच्या रूपात, चर्चेविना.

आणि दरम्यान एक गोष्ट बदलली आहे. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीनं 6 ते 14 वर्षांच्या मुलांचं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. त्याच्या कलम 7 प्रमाणे खर्चाची जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारांची आहे. देणगीदाराची नाही, गावाची नाही, मुख्याध्यापकाच्या खिशाची तर नाहीच. हक्काची तूट हे सरकारचं देणं असतं. देणं थकलं तर त्याला थकबाकी म्हणायचं, 'समाजाच्या सहभागाची संधी' म्हणायचं नाही.

आधी बाकी लिहा

म्हणून मागण्या साध्या आहेत.

एक. कुठलीही शाळा दत्तक द्यायच्या, विलीन करायच्या किंवा योजनेत घालायच्या आधी तिची तूट रुपयांत लिहा. थकलेलं वीजबिल, दुरुस्तीचा अंदाज, रिक्त पदं आणि त्या पदांवर न झालेला पगार. हा कागद शाळेच्या दारावर लावा.

दोन. ही बाकी सरकारनं फेडायची. देणगीचा पहिला रुपया त्यानंतर. देणगी ही हक्काच्या वर असली पाहिजे, हक्काच्या जागी नाही.

तीन. वस्तूसोबत तिचा चालू खर्चही करारात लिहा: वीज, इंटरनेट, दुरुस्ती, आणि करार संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होणार. लेखाशीर्ष सापडत नसेल तर ती वस्तू घेऊ नका.

चार. नाव विकायचं नाही. देणगीदाराचे आभार माना, आत फलक लावा. दारावरची पाटी गावाची आहे.

यातलं काहीच अशक्य नाही, आणि पहिलं पाऊल तर तुमच्या हातातल्या मोबाइलवरून टाकता येतं. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर आहे, वाचा. तुमच्या गावच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात 75 टक्के पालक असावेत आणि निम्म्या महिला, असं कायदा सांगतो. कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा तिनं करायचा असतो. त्यात खर्चाची गरज लिहायची असते. शाळेला किती हवे होते आणि किती आले, हे दोन आकडे शेजारी ठेवले की तूट कागदावर येते. आराखडा दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज ऑनलाइन भरा. तीनच प्रश्न विचारा: गेल्या 5 वर्षांत शाळेला वर्षाला किती अनुदान आलं, वीजबिल किती थकलं, आणि मंजूर पदांपैकी किती पदं किती महिने रिकामी होती.

शेतमजुराच्या पोरासाठी जिल्हा परिषदेची शाळा हा अनेक पर्यायांतला एक पर्याय नसतो. आपल्यापैकी जे या शाळांतून शिकून पुण्या-बंगळुरात पोहोचले, त्यांच्या वेळी कोणीतरी ती तूट भरली होती, बहुतेक वेळा एखाद्या गुरुजींनी, पावती न घेता. तिचा हिशोब आता निदान मागता तरी येतो. आर्वीच्या शाळेचा भाव सरकारनं जाहीर केला आहे. तिची बाकीही जाहीर करा.